शियामेन पोर्टवर एक दिवस: जहाजाची बस टूर की स्वतःची गाडी? चातुर्मास पाळणाऱ्या सासूबाई आणि दोन पोरं बरोबर असतानाचा रिव्ह्यू

सरळच सांगते. क्रूझने जाताय आणि वाटेत चीनचं शियामेन पोर्ट लागतंय, तर जहाजावरच्या डेस्कवर मिळणारी बस टूर घेऊ नका. स्वतःची सात सीटर गाडी आणि इंग्रजी बोलणारी गाइड घरूनच बुक करून ठेवा आणि अख्ख्या दिवसात दोनच जागा बघा, तिसरी कितीही जवळ आहे असं कोणी सांगितलं तरी म्हातारं माणूस आणि लहान पोर बरोबर असताना नाही म्हणा. आणि घरात कांदा-लसूण न खाणारं कोणी असेल तर त्या दोनातली एक जागा नानपुतुओ देऊळ असू द्या, कारण परदेशात सासूबाई इतक्या निर्धास्तपणे जेवताना मी तिथेच बघितल्या.

आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारात घर. भाऊबीज करून निघालो, मुंबईहून हाँगकाँग आणि तिथून जहाज. दिवाळीच्या सुट्टीत फिरायला जायचं म्हटलं की आमच्याकडे हा प्रश्न येतोच, सुट्टी पोरांची असते पण चातुर्मास संपलेला नसतो, कार्तिकी एकादशीपर्यंत सासूबाई कांदा, लसूण, वांगं काहीच खात नाहीत आणि हे घरी सोपं असतं पण जहाजावरच्या बुफेत प्रत्येक भांड्यासमोर उभं राहून यात काय आहे हो असं विचारत बसणं फार अवघड. बडोद्यातल्या कितीतरी मराठी घरांत हेच चित्र आहे म्हणून एवढं सविस्तर लिहितेय. ट्रॅव्हल एजंट फक्त 'व्हेज मिळेल' एवढंच सांगतो, पुढचं आपलं आपण बघायचं.

आधी गावाबद्दल थोडं. शियामेन हे फुजियान प्रांतातलं बेटावर वसलेलं शहर, समोर समुद्रापलीकडे तैवान. १८४२ च्या नानजिंग तहाने इंग्रजांनी चीनची जी पाच बंदरं व्यापाराला उघडायला लावली त्यातलं हे एक, तेव्हा बाहेरचे लोक याला अमॉय म्हणायचे. पुढे १९८० मध्ये चीनने पहिले चार स्पेशल इकॉनॉमिक झोन केले त्यातही हे होतं. त्यामुळे एकीकडे कमानींचे जुने रस्ते आणि दुसरीकडे काचेचे टॉवर, शहर एकदम स्वच्छ, झाडं भरपूर, बस उंचावरच्या वेगळ्या रस्त्यावरून धावते आणि तिच्या खालून सायकलवाल्यांसाठी वेगळा उंच ट्रॅक, हे बघून माझा नवरा तर गाडीतून मान बाहेर काढून बघत बसला होता. ऑक्टोबर अखेर हवा छान असते, घाम नाही, थंडी नाही. फक्त १ ऑक्टोबरपासूनच्या आठवड्यात जाऊ नका, त्यांच्या राष्ट्रीय दिनाची सुट्टी असते आणि सगळा चीन फिरायला बाहेर पडलेला असतो.

आता बस टूर का नको ते. जहाजाची टूर माणशी असते, डॉलरमध्ये, आणि आम्ही पाच जण, त्या पैशात गाडी, ड्रायव्हर, गाइड, बोटीची तिकिटं सगळं बसून वर जेवणही निघालं. पण पैशापेक्षा मोठी गोष्ट वेळेची आहे. चाळीस माणसांच्या बसमध्ये प्रत्येक स्टॉपला सगळे उतरणार, मोजणार, कोणीतरी मागे राहणार, आणि मधेच एक चहाचं दुकान लागणार जिथे सगळ्यांना बसवून चहा पाजतात आणि मग डबे काढतात. आमच्या शेजारच्या केबिनमध्ये नाशिकचं एक कुटुंब होतं, त्यांनी तुलोउची टूर घेतली. तुलोउ म्हणजे मातीचे मोठमोठे गोल वाडे, अख्खं कुळ एकत्र राहायचं त्यात, २००८ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत आणि बघण्यासारखे आहेत यात वादच नाही, पण शियामेनहून रस्ता एका बाजूचाच अडीच-तीन तासांचा, म्हणजे पोर्टवरचा निम्म्याहून जास्त दिवस बसमध्येच. त्या घरातल्या आजोबांचे पाय संध्याकाळी इतके सुजले होते की रात्री ते जेवायला आलेच नाहीत. तुलोउ बघायचे असतील तर वेगळी ट्रिप काढून तिथे रात्री राहा, क्रूझच्या एका दिवसात ते कोंबू नका.

जहाजाच्या टूरचा एक फायदा मात्र खरा आहे आणि तो सांगायलाच हवा, त्यांची बस उशिरा आली तर जहाज थांबतं, तुमची स्वतःची गाडी उशिरा आली तर थांबत नाही. म्हणून आम्ही गाइडला पहिल्याच मेसेजमध्ये सांगितलं की परत चढण्याची जी शेवटची वेळ आहे त्याच्या दीड तास आधी आम्हाला पोर्टवर सोडायचं, आणि तिने ते काटेकोर पाळलं. आणखी एक, जहाजावरचं घड्याळ आणि गावातलं घड्याळ एकच आहे ना हे आदल्या रात्री रिसेप्शनवर विचारून घ्या, विशेषतः जहाज जपान करून येत असेल तर, कारण जपान चीनच्या एक तास पुढे आहे. आपल्यापेक्षा चीन अडीच तास पुढे.

गाइड आम्ही ऑनलाइन बुक केली, कॉलेज संपवून नुकतीच कामाला लागलेली मुलगी, आणि बुकिंग झाल्या झाल्या तिने जे प्रश्न विचारले त्यावरूनच मला वाटलं की पैसे योग्य ठिकाणी गेले. आजी किती पायऱ्या चढू शकतात, गुडघे कसे आहेत, लहान मुलगी गाडीत ओकते का, जेवणात काय काय चालत नाही, आणि सगळ्यांच्या पासपोर्टचे फोटो पाठवा कारण बोटीचं तिकीट पासपोर्टवरच निघतं. आपल्याकडच्या टूरवाल्यांनी हे शिकण्यासारखं आहे खरंच. ड्रायव्हरला इंग्रजी येत नव्हतं पण गाडी स्वच्छ आणि गरम पाण्याचा थर्मास गाडीतच ठेवलेला. चीनमध्ये गरम पाणी सगळीकडे मिळतं, लोक साधं पाणीच गरम पितात, सासूबाईंना ही गोष्ट इतकी आवडली की काय सांगू. चहाची पूड आणि दूध पावडर तेवढी बरोबर ठेवा, दुधाचा चहा तिकडे आपल्यासारखा मिळत नाही.

सकाळी जहाजातून उतरताना इमिग्रेशनला वेळ लागतो, ती तयारी ठेवा. १४ ते ७० वयाच्या लोकांच्या बोटांचे ठसे घेतात, त्यामुळे सासूबाई आणि धाकटी दोघी पटकन सुटल्या आणि आम्ही तिघं मशीनवर बोटं दाबत उभे. पासपोर्ट मूळचाच जवळ ठेवा, झेरॉक्सवर बोटीत चढता येणार नाही.

पहिली जागा गुलांग्यू बेट. हे आधी ठेवण्याचं कारण म्हणजे बाहेरच्या लोकांसाठी दिवसाची बोट क्रूझ टर्मिनलच्याच बाजूच्या धक्क्यावरून सुटते, गाडीत बसायचीसुद्धा गरज नाही. साध्या तिकिटाला जाऊन-येऊन ३५ युआनच्या आसपास, वीस मिनिटांचा प्रवास. बेट जेमतेम दोन चौरस किलोमीटरचं आहे आणि २०१७ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेल्यापासून दिवसाला ५०,००० माणसांचीच मर्यादा आहे, म्हणून तिकीट आधी काढलेलं हवंच, आयत्या वेळी धक्क्यावर जाऊन मिळेल या भरवशावर राहू नका. बोटीचं गेट उघडलं की लोक वरच्या डेकवर जागा धरायला पळतात. म्हाताऱ्या माणसाला घेऊन त्या गर्दीत अजिबात शिरू नका, शेवटी चढा, खालच्या डेकवरूनही दिसायचं ते सगळं दिसतं.

बेटावर गाड्या नाहीत, स्कूटर नाहीत, सायकलसुद्धा नाही. बडोद्यात राहणाऱ्या माणसाला याचं सुख वेगळं सांगायला नको, मंगळबाजारातून लहान पोराचा हात धरून चाललेल्या कुठल्याही आईला विचारा. धाकटी इतकी मोकळी पळाली की मला पहिल्यांदा अर्धा तास तिच्याकडे लक्ष ठेवायची सवयच मोडवेना. किनाऱ्याच्या रस्त्याने बॅटरीच्या गाड्या फिरतात, सासूबाईंसाठी आम्ही ती घेतली, पण आतल्या गल्ल्या चढउताराच्या आहेत आणि तिथे चालावंच लागतं, हे मनात धरूनच जा. गुडघ्याचा फार त्रास असेल तर फोल्डिंग व्हीलचेअरचाही पुरता उपयोग नाही, गल्लीत मधेच पायऱ्या येतात.

तिथली घरं बघण्यासारखी आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे परदेशी लोकांची वसाहत होती, कितीतरी देशांच्या वकिलाती, चर्च, शाळा, आणि तैवान-सिंगापूर-मनिला करून पैसा कमावून परत आलेल्या चिनी व्यापाऱ्यांचे बंगले. १९०३ पासून वसाहतीची स्वतःची नगरपालिका चालायची आणि तिच्या पोलिसांत आपले शीख शिपाई होते, हे गाइडने सांगितलं तेव्हा थोरला एकदम थांबला, इथे? आपले? आणि मग पुढचा तासभर तो तिला प्रश्न विचारत होता. पियानो इतके की पियानोचं बेट म्हणून प्रसिद्ध आहे, एका घराच्या खिडकीतून खरंच कोणीतरी वाजवत होतं आणि आम्ही सगळे जण तिथे भिंतीला टेकून ऐकत उभे राहिलो.

बेटावर सगळ्यात उंच जागा म्हणजे सनलाइट रॉक, नव्वद-बाण्णव मीटरचा खडक, चढ उभा आणि वर लाइन. आम्ही सोडला आणि अजिबात वाईट वाटलं नाही. त्याऐवजी शूज्वांग बाग केली. ही १९१३ मध्ये लिन अर्जिया नावाच्या श्रीमंत गृहस्थाने बांधली, मूळचा तैवानचा, १८९५ मध्ये जपानने तैवान घेतल्यावर घरदार सोडून इकडे आलेला, आणि तिकडच्या आपल्या घरच्या बागेची आठवण म्हणून त्याने समुद्राच्या काठावर ही बाग उभी केली. समुद्रावरून वळणावळणाचा एक पूल जातो, त्याचं नावच ४४ चा पूल, पूल बांधला तेव्हाच्या लिन यांच्या वयावरून. सासूबाई पुलाच्या मधोमध बसल्या आणि म्हणाल्या, "अगं, मला इथेच राहू दे, तुम्ही या फिरून." त्यांचं माहेर ग्वाल्हेरचं, तो वाडा आता विकलाय. त्या तिथे बराच वेळ बसल्या होत्या आणि आम्हीही घाई केली नाही. बस टूरमध्ये हे झालं असतं का सांगा.

खाण्याच्या बाबतीत बेटावर सांभाळून. स्टॉल भरपूर, वास मस्त, पण बहुतेक मासळी, कालवं, डुकराचं मांस. शियामेनचे साचा नूडल्स फार प्रसिद्ध आहेत, रस्सा शेंगदाण्याचा दिसतो म्हणून आपली माणसं फसतात, त्यात सुकी कोळंबी असते. एक चकचकीत जेली मिळते ती समुद्रातल्या किड्यांची असते, पोरांना आधीच सांगून ठेवा. आपल्याला चालेल अशी गोष्ट म्हणजे शेंगदाण्याचं गोड सूप, शेंगदाणे इतके शिजवलेले की जिभेवर विरघळतात, गरम गरम वाटी, साखरेची गोडी, सासूबाईंनी दोन वाट्या घेतल्या. फक्त सांगताना अंडं नको म्हणा, काही ठिकाणी वरून अंडं फोडून घालतात.

आता मुख्य गोष्ट, नानपुतुओ देऊळ आणि तिथलं जेवण.

देऊळ वुलाओ डोंगराच्या पायथ्याशी आहे, पोर्टपासून गाडीने अर्धा तास धरा. प्रवेशाला तिकीट नाही. समोर कमळांचं तळं, मागे डोंगर, मधे एकामागून एक चढत जाणारी सभागृहं. मुळात तांग घराण्याच्या काळातलं (सातवं ते दहावं शतक) म्हणतात, १९२५ पासून भिक्षूंचं कॉलेजही इथेच आहे. आठ कोनांच्या मंडपात हजार हातांची ग्वानयिन, म्हणजे आपला अवलोकितेश्वर, तिकडे देवीच्या रूपात. उदबत्ती देवळातच देतात, बाहेरून विकत घ्यायची गरज नाही. सासूबाईंनी त्या सगळ्या चिनी बायकांबरोबर उभं राहून दोन्ही हातांनी उदबत्ती कपाळाला लावली आणि त्यांच्यासारखंच तिन्ही बाजूंना वाकून नमस्कार केला, कोणी शिकवलं नाही. मागे खडकावर बुद्ध हे एकच अक्षर माणसाच्या दुपटीहून उंच कोरलंय, तिथपर्यंत पायऱ्या आहेत, पोरं गेली, आम्ही खाली थांबलो. गाइडला मी सांगितलं की आमच्या बडोद्याच्या युनिव्हर्सिटीकडे गुजरातेतल्याच देवनी मोरीच्या स्तुपात सापडलेला बुद्धाच्या अवशेषांचा करंडक आहे, तिला ते माहीतच नव्हतं, तिने लगेच फोनमध्ये लिहून घेतलं. आपण बडोद्याची माणसं हे कुठे सांगत नाही, सांगायला पाहिजे.

जेवण देवळाच्याच आवारातल्या शाकाहारी रेस्टॉरंटमध्ये. चीनच्या बौद्ध देवळांतल्या स्वयंपाकात मांस-मासे-अंडी तर नसतातच, पण कांदा, लसूण, पातीचे सगळे उग्र प्रकार आणि हिंगसुद्धा वर्ज्य. हे मला आधी वाचून माहीत होतं तरी समोर ताट आल्यावर जो सुटल्यासारखा श्वास आला तो वेगळाच. जहाजावर चढल्यापासून सासूबाई दही-भात, फळं, ब्रेड आणि घरून नेलेले ठेपले यावर होत्या, तक्रारीचा एक शब्द नाही, पण मला दिसत होतं ना.

साडेअकराला जा. त्यांची जेवणाची वेळ लवकरची, बारानंतर टेबल मिळत नाही आणि टेबलं गोल मोठी असल्यामुळे अनोळखी लोकांबरोबर बसावं लागू शकतं. मेनूत फोटो आहेत. आम्ही घेतलं ते असं, तोफूची पातळ भाजी, हिरवा पाला आल्यात परतलेला, बांबूचे कोंब, वाफेचा भात आणि इथलं सगळ्यात नावाजलेलं सूप. १९६२ मध्ये कवी गुओ मोरुओ इथे जेवून गेले आणि त्यांनी त्या सूपला नदीत बुडालेला अर्धा चंद्र असं नाव दिलं, तेच नाव आजही मेनूत आहे. वाडग्यात एका बाजूला काळे मश्रूम, दुसऱ्या बाजूला गव्हाचे पांढरे तुकडे आणि एका औषधी मुळीचा रस्सा, वास आपल्याकडच्या काढ्यासारखा, चव मात्र सौम्य. मला फार आवडलं, नवऱ्याला ती मुळी आवडली नाही, पोरांनी फक्त चमचा लावला.

इथे एक गोष्ट आधी सांगून ठेवा नाहीतर घरातलं म्हातारं माणूस ताटावरून उठेल. या स्वयंपाकात गव्हाचे आणि सोयाचे पदार्थ मुद्दाम मांसासारखे दिसतील असे बनवतात, काप तसेच, रंग तसाच. सासूबाईंनी पहिला तुकडा बघितला आणि हातच मागे घेतला, "हे मांस आहे गं." गाइड आत जाऊन स्वयंपाकघरातल्या बाईंना घेऊन आली, त्यांनी हाताने दाखवलं, पीठ मळायचं, पाण्यात धूत राहायचं, पांढरं पाणी गेलं की जो चिवट गोळा उरतो तो हा. सासूबाईंचा चेहरा एकदम उजळला. कुरडयांसाठी उन्हाळ्यात गव्हाचा चीक काढायचं काम त्यांनी जन्मभर केलंय, चीक ठेवायचा आणि चोथा टाकायचा, आणि इथे ही बाई सांगतेय की पांढरं पाणी जाऊ द्यायचं आणि चिवट ते शिजवायचं. मग दोघींचं जे हातवारे करून बोलणं सुरू झालं, एक मराठीत एक चिनीत, गाइड मधे काही बोलायला गेली तर दोघींनी तिला थांबवलं. ते बघत मी जेवले. वांग्याचाही एक पदार्थ होता, चमचमीत दिसत होता, देवळाला चालतो पण आमच्याकडे चातुर्मासात नाही, तो त्यांनी बाजूला सरकवला आणि पोरांनी संपवला.

फिकं लागेल, हे मान्य. हिंग नाही, मिरची जवळपास नाही, मीठसुद्धा कमी. आम्ही घरून बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी नेली होती ती काढली, कोणी काही म्हटलं नाही. दर देवळातलं म्हणून अगदी स्वस्त नाहीत, बाहेरच्या बऱ्या हॉटेलइतके, पण पाच जण पोटभर जेवलो आणि उरलं. निघताना देवळाचेच मुगाच्या सारणाचे गोल पेढ्याएवढे केक घ्या, बॉक्समध्ये मिळतात, पूर्ण शाकाहारी, खुसखुशीत, बडोद्यापर्यंत छान टिकले आणि शेजारीपाजारी वाटायला पुरले.

जेवणानंतर आम्ही दोन भाग केले. सासूबाई, धाकटी आणि मी तळ्याकाठच्या बाकावर, गाइड आमच्याजवळ. नवरा आणि थोरला ड्रायव्हरबरोबर हुलीशान किल्ल्यावर, जवळच आहे. तिथे जर्मनीच्या क्रुप कारखान्याची १८९३ ची किनारा राखणारी तोफ आहे, नळीचं तोंड २८० मिलिमीटरचं, अजून जागच्या जागी. गायकवाडांच्या सोन्या-चांदीच्या तोफांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आमच्या पोराला ही लोखंडी राक्षसीण जास्त आवडली, कारण ही खरोखर चालवायची होती. हवा स्वच्छ असेल तर तिथल्या दुर्बिणीतून तैवानच्या ताब्यातली छोटी बेटं दिसतात, त्यांना दिसली. असं वाटून घेणं जमतं ते गाडी आपली असल्यामुळे, आणि कोणाचंच मन मारलं जात नाही.

देवळाला लागूनच शियामेन युनिव्हर्सिटी आहे, सिंगापूरला रबरात पैसा कमावलेल्या तान काह की यांनी १९२१ मध्ये काढलेली. आत जायला आधी नाव नोंदवावं लागतं, आम्ही बाहेरूनच बघितली. सयाजीरावांच्या गावातल्या माणसाला अशा माणसाबद्दल आपोआप आदर वाटतो.

गाइडच्या बाबतीत दोन गोष्टी कमी पडल्या. इंग्रजी फार भरभर, सासूबाईंना मी प्रत्येक वाक्य मराठीत सांगत होते तोवर ती पुढच्या खोलीत, दोनदा सांगितल्यावर सावकाश झाली. आणि परत येताना तिने एकदा ओळखीच्या चहाच्या दुकानात थांबू का विचारलं. आम्ही नाही म्हटलं तर लगेच सोडून दिलं, तोंड वाकडं केलं नाही. चहा घ्यायचाच असेल तर इथला तिएग्वानयिन घ्या, शेजारच्या आनशी भागातला, पण साध्या दुकानातून छोटं पाकीट, शोभेच्या डब्यातून नाही.

फोन आणि पैसे हे दोन विषय निघायच्या आधी घरीच मिटवा. आपलं यूपीआय तिथे चालत नाही, आणि शेंगदाण्याच्या सूपवालीसुद्धा क्यूआर कोड पुढे करते, म्हणून अलीपे हे तिकडचं पेमेंट अॅप डाउनलोड करून त्यात व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा, पासपोर्टचं व्हेरिफिकेशन भारतातूनच करा, ओटीपी यायला सिम चालू लागतं. २०० युआनच्या वरच्या पेमेंटला तीन टक्के जास्त लागतात, त्याखाली नाही. थोडी कॅश ठेवा, छोट्या नोटा. गुगल, व्हॉट्सअॅप तिथल्या वायफायवर उघडत नाही, पण आपल्याच सिमचं इंटरनॅशनल रोमिंग घेतलं की सगळं चालतं, आम्ही एकाच फोनवर रोमिंग घेतलं आणि त्याचा हॉटस्पॉट केला. पर्समध्ये टिश्यू ठेवा, पब्लिक टॉयलेट स्वच्छ होते पण बहुतेक भारतीय पद्धतीचे आणि कागद असेलच असं नाही. आणि मांस नको, मासे नको, अंडं नको, ऑइस्टर (कालवांचा) सॉस नको, चरबी नको हे चिनीत टाइप करून स्क्रीनशॉट काढून ठेवा, फक्त 'व्हेज' दाखवलं तर पालेभाजीवर ऑइस्टर सॉस येतोच.

व्हिसाचं एकदा नीट समजून घ्या. २०२४ च्या मे महिन्यापासून क्रूझने येणाऱ्या परदेशी ग्रुपना चीनच्या तेरा बंदरांवर पंधरा दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय उतरू देतात, शियामेन त्यात आहे, पण ती सोय चिनी ट्रॅव्हल एजन्सीमार्फत येणाऱ्या ग्रुपसाठी आहे. आमच्यासारखं स्वतःची गाडी घेऊन वेगळं फिरायचं असेल तर रीतसर व्हिसा काढा, आम्ही मुंबईहून काढला. हाँगकाँगचं वेगळं, तिथे भारतीय पासपोर्टवाल्यांना निघण्याआधी ऑनलाइन रजिस्ट्रेशन करावं लागतं, फी नाही, प्रत्येकाचं वेगळं, पोरांचंही, आणि जहाज परत हाँगकाँगलाच येणार असेल तर तो प्रिंटआउट शेवटच्या दिवसापर्यंत बॅगेत राहू द्या.